काठीवरचे कुंकू

बिलियर्डच्या काठीला खोबरेल तेल चोपडणारा माणूस मला आजही भेटला, तर मी त्याच्याशी भांडायला उभा राहीन. तेलाने चकाकी येते, नाही कोण म्हणतो? नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोराच्या डोक्यालाही येते. पण दोन दिवसांत त्या तेलावर धूळ बसते, खडू बसतो, घाम बसतो, आणि काठी हातातून सरकायची ती हाताला चिकटून राहते. खरी चकाकी लाखेची. ती लावावी लागते, वाळू द्यावी लागते, आणि मग तिला सुखाने राहू द्यावे लागते. एवढे ज्ञान पाजळणाऱ्या माणसाने स्वतः काय करून ठेवले, ते आता सांगतो. इतकी वर्षे कोणाला पुरते सांगितले नाही. सांगायला घरात कोणी नव्हते, हेही खरेच.

मी कोपरीचा, घराणे सुतारांचे. वडिलांची वासला-पटाशी सोडून मी मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात लाखेचे काम शिकलो, म्हणून घरात मला “चकचकीत सुतार” म्हणत. आगगाडी कल्याणहून पुढे दोन्ही घाट चढू लागल्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती, आणि कल्याणला रेल्वेच्या साहेब लोकांची चांगली वस्ती झाली होती. त्यांनी एका कौलारू बंगल्यात क्लब काढला, विलायतेहून बिलियर्डचे टेबल आणले, आणि ते सांभाळायला लाकूड कळणारा माणूस शोधू लागले. तो मी. त्या कामाला मार्कर म्हणत. काठ्या पुसून खाचा पाडलेल्या लाकडी घोडीवर उभ्या करायच्या, चेंडू मांडायचे, आणि भिंतीवरच्या फळीवर दोन पितळी काटे असत, ते सरकवून कोणाचे किती गुण झाले ते दाखवायचे. क्लबाच्या मागे एक खोली मिळाली. तिथे मी आणि माझी बायको राहत होतो. मूलबाळ नव्हते.

संध्याकाळी साहेब लोक जोडीजोडीने येत, आरडाओरडा करत, पीत. त्यांच्याविषयी मला काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते दुपारी तीनला येणाऱ्या म्हाताऱ्या साहेबाविषयी. तो रूळ तपासणारा साहेब होता. उन्हाने मान भाजून विटेसारखी झालेली, बोलणे अगदी कमी. त्याची स्वतःची काठी होती. बुडाला काळेभोर लाकूड, आणि त्यातून वर निघालेले फिके, सरळ शिरांचे लांबलचक लाकूड, शेंड्याकडे निमुळते होत गेलेले. दुपारच्या वेळी क्लबात दुसरे कोणी नसे, म्हणून तो स्वतःशीच खेळे. एक पाळी उजव्या हाताने, एक डाव्या हाताने. मी फळीवर एक काटा उजव्याचा आणि एक डाव्याचा सरकवायचा. खेळ संपला की तो मला गंभीरपणे निकाल सांगे, “मार्कर, आज दाहिना जीता.” उद्या काय, परवा काय, बहुतेक दाहिनाच जिंके.

पहिल्या आठवड्यात मला वाटले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. घरी येऊन मी नक्कल करून दाखवली. बायको भाकऱ्या थापत होती. ती हसेल असे वाटले होते, पण तिने हात थांबवला.

“अवो, पण त्या डाव्याच्या बाजूनं कोन हाय?” ती म्हणाली.

“कोण असणार? दोन्ही हात त्याचेच.”

“मंग तुम्ही ऱ्हावा की डाव्याच्या बाजूनं. रोज हरतंय बिचारं.”

बायकोचे ऐकणारा माणूस मी नव्हतो, पण एवढे ऐकले. दुसऱ्या दिवसापासून डाव्याला गुण मिळाले की त्याचा काटा मी जरा ठसक्यात सरकवू लागलो. पितळ टक्कन वाजे. चारपाच दिवसांनी साहेबाच्या ध्यानात आले. त्याने माझ्याकडे पाहिले, मिशीतल्या मिशीत काहीतरी केले, आणि खडू लावायला वळला. तेव्हापासून तीन वर्षे आमच्या दुपारी अशाच गेल्या. रात्री जेवताना बायको विचारी, “आज डाव्याचं काय झालं?” आणि मी सांगे.

मग श्रावणात ती गेली. ताप आला, चौथ्या दिवशी सगळे आटोपले. आयाबाया जमल्या, त्यांनी तिला हिरवे लुगडे नेसवले, मळवट भरला, आणि एकमेकींना सांगू लागल्या, “भाग्याची गं, कपाळाचं कुंकू घेऊन गेली.” मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर जाऊन बसलो. भाग्य कसले त्यात? मागे राहणाऱ्याला कोणी विचारतच नाही.

दिवस करायला कोपरीला गेलो. भाऊ-वहिनी चांगली माणसे. तेराव्याचे जेवण उरकले आणि वहिनीने माझ्यासाठी मुलगी बघायचे काढले. “भावजी, तुमचं वय ते काय झालंय? खोली सोडा तिथली, इथंच राहा.” मी त्याच दिवशीच्या गाडीने कल्याणला परत आलो. दुसऱ्या दिवशी तीन वाजता साहेब आला. मला बघून म्हणाला, “बहुत दिन. बुखार?”

“हां साहेब,” मी म्हणालो. “बुखार.”

खोटे नव्हते. कोणाला होता, ते त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मला वाटले, मी ते बोललो तर दुपारही घरासारखीच सुनी होऊन जाईल. निदान बिलियर्डच्या त्या खोलीत कोणी गेलेले नव्हते. तिथे डावा आणि उजवा नेहमीसारखे खेळत होते.

पण खोलीवर गेलो की मला फार एकटे वाटे. भात दोघांचा शिजवी, उरलेला सकाळी खाई, आणि पुन्हा दोघांचाच शिजवी. आज डाव्याचे काय झाले, हे सांगायला तोंड उघडे आणि समोर चूल असे. एकदा चुलीलाच सांगितले. मग स्वतःचीच लाज वाटली.

गणपती झाल्यावर साहेब आजारी पडला. डॉक्टरने त्याला हवा पालटायला देवळालीला धाडले. जाण्याआधी त्याने आपली काठी माझ्या हातात ठेवली. तिचे हाल मला दिसत होतेच. त्या पावसाळ्यात लाखेला ओल लागून जागोजाग दुधाळ पट्टे आले होते, आणि जिथे त्याचा हात फिरे तिथली चकाकी पार उडाली होती. “जैसा पहले था, वैसा,” तो म्हणाला. खिडकीतून येणारा उजेड काठीवर पडला होता. तिथे बोट ठेवून पुढे म्हणाला, “पानी जैसा.”

क्लबाचा सेक्रेटरी साहेब माझ्यावर आधीच टपलेला होता. मला काढून त्या खोलीत आपला घोडेवाला ठेवायचा, असे त्याच्या मनात होते. त्याने मला बजावले, “त्या काठीला काही झालं, तर तू गेलास.” म्हणजे पुन्हा कोपरी, वहिनी, आणि कोणाची तरी दाखवून झालेली मुलगी. आणि दुपारी तीन वाजता काहीच नाही. मला तेच सगळ्यात कठीण वाटले.

जुनी काठी नवी करायची म्हणजे अंगावरचे सगळे खरवडून काढायचे, असे अर्धवट कारागिरांना वाटते. तसे करायचे नसते. आधी टर्पेंटाइनने जेमतेम ओल्या केलेल्या बोळ्याने खडू आणि घामाची पुटे काढायची. मग वापरून वापरून गुळगुळीत झालेला काचकागद शिरांच्या दिशेने नुसता फिरवायचा, म्हणजे जुनी लाख थोडी खरखरीत होते आणि नवीला धरायला जागा मिळते. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, पाण्यासारखी पातळ. कापसाच्या बोळ्यावर जुने, मऊ कापड गुंडाळायचे, त्यावर जवसाच्या तेलाचा एकच थेंब, आणि हात न थांबवता बोळा फिरवत राहायचे. हात थांबला की बोळा तिथेच चिकटतो आणि केलेले सगळे ओरबाडून नेतो. एक हात झाला की काठी टांगून ठेवायची, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. दाट लाख लावून एका दिवसात उरकणारे पुष्कळ आहेत. त्यांची काठी गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते.

कापड खळ नसलेले, शेकडो वेळा धुतलेले लागते. तसे माझ्याकडे एकच होते, तिचे घरात नेसायचे लुगडे. आठ दिवस मी दुसरे कुठे मिळते का बघितले. मग पदराकडून एक तुकडा फाडला. फाडताना आवाज झाला तो मला सहन झाला नाही, पण काम त्या कापडाने इतके सुरेख झाले की काय सांगू. आश्विन लागला, हवा कोरडी पडली, आणि नवरात्राच्या आठव्या माळेला काठी पुरी झाली. फिक्या लाकडावर खिडकीचा उजेड पाडला की तो खरेच पाण्यासारखा हले. नवी लाख महिनाभर आतून मऊ असते, एवढे सोडले तर साहेबाला द्यायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. घाटात दरड आल्यामुळे सगळे साहेब तिकडे गेले होते, क्लब दोन दिवस बंदच होता. आमच्यात खंडेनवमीला अवजारे पुसून पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बायको होती तोवर कुंकू तीच लावी. तिची एक स्वतःची रीत होती. एक बोट अवजारांच्या पेटीला, आणि दुसरे बोट त्या दिवशी माझ्या हातात जे काम असेल त्याला. पाट असो, पाळण्याची दांडी असो. मी एकदा म्हणालो होतो, “अगं, ते गिऱ्हाइकाचं आहे.” त्यावर ती म्हणाली, “असंल. पन पोट तर आपलं त्याच्यावर हाय ना?”

तिचा कुंकवाचा करंडा शिसवीचा होता, मीच करून दिलेला. बाहेरून त्याला मी लाख लावली होती, आतून मुद्दाम कोरा ठेवला होता. कुंकू ती घरी करी. हळकुंडे, लिंबाचा रस आणि टाकणखार. तो टाकणखार लाखेला खातो. करंडा देताना मीच तिला हे ऐटीत समजावून सांगितले होते. म्हणजे बघा, मला माहीत होते. अगदी चांगले माहीत होते.

करंड्याच्या तळाशी चिमूटभर कुंकू उरले होते. ती गेल्यावर मी तो उघडलाच नव्हता. उघडल्यावर तिच्या फडताळाचा वास आला आणि मग मी शहाण्यासारखा वागलो नाही. कुंकू कोरडे होते, बोटाला धरेना, म्हणून त्यात दोन थेंब पाणी घातले. एक बोट पेटीला लावले. दुसरे बोट हातातल्या कामाला. काठीच्या बुडाकडच्या काळ्या लाकडावर ते दिसणार नाही, म्हणून मी काठी फिरवली आणि फिक्या लाकडावर, अगदी समोर, कुंकू लावले. नमस्कार केला. करंडा रिकामा झाला. पाटासमोर बसून खूप वेळ मी तिच्याशी बोललो, आणि श्रावणानंतर पहिल्यांदा त्या रात्री मला शांत झोप लागली.

दसऱ्याला सकाळी सोने लुटायला जायच्या आधी मी काठी उचलली आणि फडक्याने कुंकू झटकले. कुंकू गेले. खाली बोटाएवढा लाल डाग होता, निस्तेज, भोवती पांढरी कड. त्यात माझ्या बोटाच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. टाकणखाराने कोवळी लाख खाल्ली होती आणि ओल्या कुंकवाचा रंग थेट लाकडात उतरला होता. शिकाऊ पोराने हे केले असते, तर मी त्याला कानफटात मारली असती.

तेवढ्यात क्लबाचा बटलर दारात आला. तो ठाण्याकडचा क्रिस्ताव, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, जिभेला हाड नसलेला. साहेब शनिवारी देवळालीहून येतोय, असा निरोप आलाय, हे सांगायला आला होता. त्याने काठी बघितली आणि कपाळाला हात लावला.

“मिस्त्री, साहेबाच्या काठीचं लगीन लावलंस काय रे?”

मला हसू आले नाही. मी त्याला सगळे सांगितले. तो उंबऱ्यावर टेकला.

“आता यक काम कर,” तो म्हणाला. “सांग, लाकडाचाच रंग हाय. आतनं वर आलाय. साहेबाला काय ठावं?”

“पंधरा वर्षं ती काठी हातात घेतोय तो. त्याला नाही ठाऊक, तर कोणाला?”

“मंग घास. घासून घासून काढ. सेक्रेटरीनं बघितलं तर तुझी पेटी बाहेर फेकील. आज मंगळवार हाय.”

घासण्याखेरीज गत्यंतर नव्हते. काठी घेऊन मी मागच्या पडवीत बसलो, बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, आणि डागावर फिरवू लागलो. मऊ लाख सुटली आणि तिच्याबरोबर रंगही सुटू लागला. बोळा गुलाबी झाला. मी घडी बदलली, पुन्हा गुलाबी झाला. काम बरे चालले होते. रंग निघत होता, आणखी दोन तास घासले असते तर नुसती पुसट झाक उरली असती, आणि मग काचकागदाने तीही गेली असती.

पण माझी नजर बोळ्यावर गेली. ते तिचे लुगडे होते. तिच्या लुगड्याने मी तिचे कुंकू पुसत होतो. सवाष्ण गेली म्हणून आयाबायांनी जिचे भाग्य वाखाणले, आगीत जाईपर्यंत जिचे कुंकू कोणी पुसले नाही, ते मी नोकरीसाठी स्पिरिट लावून पुसायला बसलो होतो. मी थांबलो. हात थांबवायचा नसतो, हे मी तुम्हाला मघाशीच सांगितले. थांबलो तरीही. आणि तिथे पडवीत, काठी मांडीवर घेऊन, मी मोठ्याने रडलो. तिच्या मागे पहिल्यांदा रडलो तो तेव्हा.

डाग आता गव्हाएवढा उरला होता, लाल नव्हे, जास्वंद सुकल्यावर होते तसा. मी पुढे घासले नाही. जायची तर जाऊ दे नोकरी, असे काही बाणेदार मी म्हणालो नाही. मला भीतीच वाटत होती. पण हात पुढे जाईना. बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी मी त्यावर पातळ लाखेचे हात चढवले, भोवतीच्या लाखेशी सांधा जुळवला, पांढरी कड पार घालवली. बोट फिरवले तर कुठे काही लागत नव्हते. लाखेखाली ते कुंकू स्वच्छ दिसत होते. इतके नाजूक काम मी आयुष्यात दुसरे केले नाही.

शनिवारी तीन वाजता साहेब आला. अर्धा झाला होता, कोट अंगावर लोंबत होता. त्याने काठी घेतली, खिडकीशी नेली, उजेडात फिरवली. “पानी जैसा,” तो म्हणाला, आणि मला वाटले सुटलो. मग त्याचा अंगठा त्या ठिपक्यावर येऊन थांबला.

“यह लाल क्या है?”

बटलरने पढवलेले उत्तर माझ्या जिभेवर होते. लाकडाचाच रंग, साहेब. पण तीन वर्षे ज्या खोलीत कधी खोटे बोललो नव्हतो, त्या खोलीत ते बोलवेना.

“कुंकू है, साहेब,” मी म्हणालो. “मेरी औरत का. पूजा में लगाया. मेरी गलती.”

“औरत ने लगाया?”

“नहीं साहेब. औरत मर गया. सावन में.”

त्याने काठी खाली केली. माझ्याकडे बघत राहिला, मनाशी महिने मोजत असावा.

“तुम बुखार बोला,” तो म्हणाला.

“बुखारही था, साहेब. उसको था.”

त्याने काठीच्या शेंड्याला खडू लावला, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, आणि उजव्या हाताची पाळी खेळला. चेंडू नुसता टेबलाच्या कडेच्या गादीला लागून परत आला. आता तो डाव्या हातात काठी घेईल म्हणून मी फळीकडे वळलो. तर तो काठी माझ्यापुढे धरून उभा.

“बायां तुम खेलो,” तो म्हणाला.

मार्करला खेळता येते, रिकाम्या वेळी हात साफ केलेला असतोच. पण त्या दिवशी माझ्या तळहाताला असा घाम फुटला की काठीचे काय होईल, हीच काळजी. डावा हरलाच. तरी साहेबाने स्वतः फळीपाशी जाऊन माझा काटा सरकवला, जरा ठसक्यात. पितळ टक्कन वाजले. मला ते कोणाला तरी सांगायचे होते. खोलीवर येऊन मी चुलीला सांगितले, आणि या खेपेला लाज वाटली नाही.

माघापर्यंत आम्ही असेच खेळलो. बोलणे वाढले नाही. त्याच्याजवळ आमचे शब्द थोडे होते आणि माझ्याजवळ त्याचे नव्हतेच. खेळ संपला की मी कोरड्या फडक्याने काठी पुसे, ठिपक्यापाशी आलो की हात हलका करी, आणि घोडीवरच्या शेवटच्या खाचेत ती उभी करी. तोवर साहेब थांबून राही. सेक्रेटरीने एकदा तो ठिपका बघितलाही. साहेब त्याला त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलला आणि तो निघून गेला. काय बोलला, ते तिथेच असलेल्या बटलरने मला सांगितले नाही. नुसता म्हणाला, “ऱ्हा आता सुखानं त्या खोलीत.”

मग साहेबाची पेन्शन झाली आणि तो विलायतेला निघाला. शेवटच्या दुपारी आम्ही खेळलो नाही. त्याने काठी हातात घेतली, ठिपका माझ्याकडे केला, आणि म्हणाला, “मार्कर, तुम रखेगा?”

माझा सगळा जीव त्या काठीत होता. हो म्हणायला तोंड उघडले. पण त्याचा हात मला दिसत होता. देतो म्हणत होता, काठी माझ्याकडे झुकवलेली होती, आणि मूठ मात्र सुटत नव्हती. मी विचारले, “साहेब, उधर घर में कौन है?” त्याने मान हलवली. कोणी नाही.

“आप ले जाओ,” मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो. मग त्याला सगळे नीट सांगितले, त्याच्याकडून वदवूनच घेतले. गीला कपड़ा नहीं. तेल नहीं. दीवार को टेकना नहीं. आणि लाल पर घिसना नहीं. साहेब शाळेतल्या मुलासारखा माझ्यामागून म्हणत गेला, “घिसना नहीं.” गाडी सुटताना लांबट पेटी त्याच्या मांडीवर होती. मी बघत उभा राहिलो, आणि फलाट रिकामा झाल्यावर माझ्या ध्यानात आले की आता माझ्याजवळ तिचे कुंकू नाही आणि साहेबही नाही. थोर मनाने दिले, असे मी कधी म्हणणार नाही. खोलीवर पोचेपर्यंत मला पश्चात्ताप झाला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी बाजारातून कुंकू आणले. एक बोट पेटीला लावले. दुसरे बोट भरून तसाच उभा राहिलो, कारण हातात काम नव्हते. क्लबाच्या काठ्या होत्या, पण लाखेला कुंकू लावायचा धडा मी शिकलो होतो. मग मी बिलियर्डच्या खोलीत गेलो. घोडीवरची शेवटची खाच मोकळी होती. काठी काढता-ठेवताना तिच्या बुडाने तिथली लाख कधीच घासली गेली होती, आत नुसते कोरे सागवान उरले होते. तिथे कुंकू काही बिघडवणार नव्हते. ते बोट मी त्या खाचेत लावले. दर वर्षी लावतो.

परवा एक नवा साहेब आला. स्वतःची काठी घेऊन आलेला, तरुण. काठी उभी करायला जागा शोधत तो त्या खाचेपाशी गेला आणि आतले लाल बघून थबकला. “यह जगह खाली है?” त्याने विचारले.

“नहीं साहेब,” मी म्हणालो, आणि त्याची काठी माझ्या हातात घेतली. “उधर दो जन हैं.”